पीयूसीत दर सहा महिन्यांनी नापास होणारी गाडी आणि पंधरा वर्षांचं पासिंग

पंधरा वर्षांचं पासिंग, म्हणजे नोंदणी वाढवून घेण्यासाठीची आरटीओतली तपासणी, जवळ आलं की जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांची एक तक्रार आमच्या बडोद्यात हमखास ऐकू येते. पीयूसी काढायला गेलं की गाडी नापास. मग गॅरेज, सर्व्हिसिंग, नवे प्लग, नवा फिल्टर, आणि कसाबसा आकडा मर्यादेत बसतो. सहा महिने जातात आणि पुन्हा तोच प्रकार. या खेपेला मात्र प्रश्न नुसत्या पीयूसीचा नसतो, आरसीचं नूतनीकरण त्यावर अडलेलं असतं. अशा वेळी घरातली चांगली चालणारी गाडी लोक मिळेल त्या भावात काढून टाकतात, नाहीतर कोणाला तरी पैसे देऊन सर्टिफिकेट आणवतात. दोन्हीचं मला मनापासून वाईट वाटतं. यातल्या कितीतरी गाड्यांचा बिघाड छोटा आणि स्वस्तातला असतो, फक्त तो कोणी नीट शोधलेला नसतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की पीयूसी केंद्रावर "पास झाली का?" एवढंच विचारून परत येऊ नका. आकडे मागा. गाडी नापास झाली तर ठरावीक नमुन्यातली रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद २०२१ पासून आहे. ती स्लिप गॅरेजवाल्याला दाखवता येते आणि मशीनवरच शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर ताडूनही बघता येते. हा कागद हातात नसेल तर मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत राहतो आणि बिल तुमचं वाढतं.

आता मर्यादा. आरसीवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर तुमच्या गाडीचं उत्सर्जन मानक (बीएस, म्हणजे भारत स्टेज) लिहिलेलं असतं. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ७५० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-४ ला हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम असे कडक होतात, शिवाय साधारण २५०० आरपीएमवर दुसरी चाचणी होते. तिथे सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला लागू झालं, त्यामुळे सध्या पंधरा वर्षं भरणाऱ्या बडोद्यातल्या गाड्या बहुतेक बीएस-३ च्या आहेत. बीएस-३ ची पीयूसी सहा महिनेच चालते, बीएस-४ आणि बीएस-६ ची वर्षभर. जुन्या गाडीवाल्याला हा त्रास वर्षातून दोनदा होतो तो यामुळे.

स्लिपवरचे दोन आकडे काय सांगतात

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि एचसी म्हणजे जळायचं राहून गेलेलं पेट्रोल. दोन्ही एकत्र वाचायचे.

सीओ वर आणि एचसी साधारण ठीक असेल तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतंय. इथे प्लग बदलून काहीही होत नाही. एचसी वर आणि सीओ ठीक असेल तर पेट्रोल प्रमाणात आहे पण एखादा सिलेंडर मधूनमधून पेटत नाही, म्हणजे मिसफायर होतो. तेव्हा प्लग, प्लगची वायर, इग्निशन कॉइल आणि व्हॉल्व्हचं सेटिंग बघायचं. दोन्ही आकडे वर असतील तर आधी जास्तीच्या पेट्रोलचं कारण शोधा, कारण मिश्रणात पेट्रोल फार झालं की मिसफायरही होतो. आणि स्लिपवर ऑक्सिजन बराच वर, लॅम्डा १.०३ च्या पुढे, असं दिसलं तर सायलेन्सरला भोक आहे का ते आधी बघा. बाहेरची हवा आत शिरत असेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

एअर फिल्टरबद्दल इथेच सांगतो. फिल्टर बदलला की सीओ उतरतो ही कार्बोरेटरच्या काळातली समजूत आहे. इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेचा अंदाज सेन्सर घेतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. फिल्टर घाण झाला तर गाडी जड चालेल, तो बदलायलाच हवा, पण पीयूसी त्याच्यामुळे अडली असं क्वचितच होतं.

उन्हाळ्यात काढून टाकलेला थर्मोस्टॅट

दर सहा महिन्यांनी परत येणाऱ्या या दुखण्याचं जे कारण सगळ्यांच्या नजरेतून निसटतं, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

बडोद्याचा मे महिना. पारा चाळिशीच्या पुढे, गाडी मांडवीच्या गर्दीत अडकलेली आणि टेंपरेचरचा काटा वर चढू लागलेला. गाडी गॅरेजला जाते. रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले, आतून जाम झालेला रेडिएटर, कूलंटऐवजी भरलेलं नळाचं पाणी, हे सगळं तपासायला वेळ लागतो. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकला जातो. "हवे गरम नहीं थाय, काका," असं सांगून मेकॅनिक गाडी परत देतो, आणि खरोखरच ती गरम होत नाही. घरचे खूश असतात. आणि तेव्हापासून पीयूसी अडायला लागते. या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही, कारण मध्ये बरेच महिने गेलेले असतात.

संबंध असा. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम करतो आणि मग ८५ ते ९० अंशांच्या आसपास टिकवून ठेवतो. तो नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीयूला कूलंटच्या सेन्सरकडून कळतं की इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना सोडतो तसं जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं म्हणणं तो पुरेसं ऐकत नाही. सीओ वाढतो, अॅव्हरेज पडतं आणि हे न जळलेलं पेट्रोल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं.

दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका काकांच्या गाडीत नेमकं हेच सापडलं. स्लिपवर सीओ मर्यादेच्या दुपटीहून जास्त आणि एचसी व्यवस्थित. प्लग नवे, ऑक्सिजन सेन्सरही नवा. स्कॅनर (ईसीयूमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी कारेलीबागेतून हरणी रोडने फिरवून आणली, तरी कूलंटचं तापमान साठ-बासष्टच्या वर चढेना. पंखा एकदाही लागला नाही. हाउसिंगचे बोल्ट उघडले तर आत थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती, नुसतं गॅस्केट लावून झाकण बसवलेलं होतं. नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट आणि ऑइल बदल एवढ्यावर सीओ मर्यादेच्या खाली आला. छोट्या गाडीचा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळतो. त्यांचा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या कितीतरी पट महाग होता आणि तो विनाकारण बदलला गेला होता.

तपासायला स्कॅनर नसला तरी चालतं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करा आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला अधूनमधून हात लावा. पंख्यापासून हात, ओढणी, सैल बाही लांब ठेवा आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. थर्मोस्टॅट जागेवर असेल आणि चालत असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासून पाइप हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट आत नाही किंवा उघडा अडकलाय. डॅशबोर्डचा काटा मधल्या रेषेच्या खालीच रेंगाळणं ही दुसरी खूण.

थर्मोस्टॅट परत बसवल्यावर गाडी पुन्हा गरम होऊ लागली तर मूळ दुखणं अजून आहे. मग पंखा आणि रेडिएटर दुरुस्त करा. थर्मोस्टॅट पुन्हा काढायला देऊ नका.

थंड कॅटने चाचणी

जुन्या शहरातल्या गाड्यांचा दिनक्रम बघा. रावपुऱ्यातून न्यायमंदिर, तिथून भाजी घेऊन घरी, संध्याकाळी मुलांना क्लासला सोडणं. सगळ्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या. सायलेन्सरच्या सुरुवातीला असलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये कॅट म्हणतात, साधारण अडीचशे ते तीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय काम सुरू करत नाही. अशा फेऱ्यांत तो तिथवर पोहोचतच नाही. त्यात कोपऱ्यावरच्या पीयूसी केंद्रावर थंड गाडी नेली, रांगेत आयडलिंगवर उभी केली, आणि नळी सायलेन्सरमध्ये घातली. निरोगी गाडीही इथे अडू शकते.

चाचणीच्या दिवशी गाडी आधी मोकळ्या रस्त्याने नेऊन आणा. हरणी रोडने गोल्डन चोकडीकडे जाऊन परत आलात तरी पुरे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन जरा वरच्या आरपीएमवर चालू द्या, पंधरा-वीस मिनिटं. परत आल्यावर रांग मोठी असेल तर थांबा आणि नंबर आला की आधी थोडा वेळ अडीच हजार आरपीएमवर धरून मग आयडलिंगला येऊ द्या. एसी बंद, दिवे बंद. यात फसवाफसवी काही नाही. चाचणी गरम इंजिनावरच व्हायला हवी.

ऑइल जुनं असेल तर ते चाचणीच्या आधी बदला, चाचणी उरकल्यावर नव्हे. छोट्या फेऱ्यांमुळे ऑइलमध्ये उतरलेल्या पेट्रोलची वाफ क्रँककेसमधून परत इंजिनात ओढली जाते आणि सीओ वाढवते.

इतकं करूनही सीओ वरच असेल तर ऑक्सिजन सेन्सरकडे वळा. स्कॅनरवर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली होताना दिसायला हवं. ते एका जागी अडकलं किंवा फार सावकाश हललं तर सेन्सर थकलाय. पण बदलायच्या आधी मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या भागाचं, गॅस्केट आणि सेन्सरच्या आधीचा पाइप नक्की बघा. तिथे बारीक फट असेल तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचते, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी सोडतो. नवा सेन्सर घातला तरी तेच होणार. थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो बंद होत असेल तर ही फट असण्याची दाट शक्यता.

कॅट कधीही काढून टाकू देऊ नका. "जाम झालाय, आतून पोकळ करून देतो" असं सांगणारे भेटतात. आतल्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाल्याकडे त्याला चांगला भाव येतो, आणि गाडीवाल्याच्या हातात धूर राहतो. तो धूर पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या मोहल्ल्यातल्या, अरुंद गल्लीत आपल्याच घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या नाकात जातो. कॅट सहसा आपणहून मरत नाही. मिसफायरचं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं किंवा इंजिन ऑइल पितं, म्हणून तो मरतो. ते कारण आधी मिटवलं नाही तर नवा कॅटही टिकणार नाही.

सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात. पीयूसी मशीनवर इंधनाची निवड बरोबर केली आहे ना ते बघा. सीएनजीवर प्लग लवकर झिजतात, तेव्हा एचसी वर आला तर पहिला संशय प्लगवर घ्या. कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं, आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं जे पाणी ओढून घेतं. म्हणून आठवड्यातून थोडं तरी अंतर पेट्रोलवर चालवा. गॅसच्या सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं नसेल तर पासिंगला गाडी तिथेच थांबेल.

पासिंगला न्यायच्या आधी

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. हे ६० दिवस दुरुस्तीसाठी वापरा. मुदत उलटली की मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये आहे. वीस वर्षांच्या पुढच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं ते १०,००० केलं.

बडोद्यात आणखी एक गोष्ट जोडून येते, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी अकोटा, फतेहगंज, समा भागांत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजिन आणि सीट तेव्हाच साफ झाल्या. पण गंज खालून काम करत राहतो आणि तो पासिंगच्या तपासणीत बाहेर येतो. तुमची गाडी त्या पाण्यात असेल, किंवा त्यानंतर सेकंडहँड घेतलेली असेल, तर ती लिफ्टवर चढवून खालून बघा.

दिव्यांपासून सुरू करा. हेडलाइट मंद झाले की लोक एलईडी बल्ब टाकतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेड विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो आणि तपासणीत गाडी अडते. मंद उजेडाचं खरं कारण बहुधा अर्थिंग असतं. हेडलाइटच्या मागे आणि बॅटरीजवळ काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने कसलेली असते ती जागा उघडा. बोल्टखाली तपकिरी गंज किंवा हिरवट पूड दिसेल. ती सँडपेपरने घासून धातू चकचकीत करा, परत कसून आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या आणि मूळचाच ६०/५५ वॅटचा बल्ब ठेवा. मग रात्री भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपर टाका. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडायला हवी आणि डावीकडे ती जराशी वर चढलेली असावी.

हँडब्रेक पुराच्या गाड्यांत फार वेळा दगा देतो. केबलमध्ये पाणी राहून ती आतून गंजते. लिव्हर नीट ओढला जातो पण मागची चाकं धरत नाहीत, किंवा एकच धरतं. मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलके सोडा. गाडी जागची हलता कामा नये, इंजिन दबायला हवं. मुख्य ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील, त्या साफ करून ग्रीस करून घ्या.

टायरच्या खाचेत आडवी उंच पट्टी असते, तिची उंची १.६ मिलिमीटर. रबर तिच्या पातळीला आलं की टायर संपला. वायपर, हॉर्न, सगळे इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटवरचा छोटा दिवा कोणाला तरी मागे उभं करून एकदा बघून घ्या. काचांवरची काळी फिल्म आणि पुढचा लोखंडी गार्ड उतरवा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट दोन्ही बाजूंना हवी.

कागदांत विमा, चालू पीयूसी आणि थकलेले ई-चलान हे सगळ्यांच्या लक्षात असतं. विसरलं जातं ते कर्ज. हप्ते संपून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा, कारण जुन्या शाखा एकत्र झालेल्या असतील तर एनओसीला बरेच दिवस लागतात. वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि ते हयात नसतील तर नाव बदलण्याचं काम यापेक्षाही आधी हाती घ्या.

दरजीपुऱ्याच्या आरटीओत गाडी नेण्यापूर्वी शेवटचं काम चेसिस नंबरचं. कितीतरी छोट्या गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. पंधरा वर्षांची धूळ, तेल आणि पुराचा चिखल त्यावर बसलेला असतो, आणि तपासणीच्या वेळी पेन्सिल घासून त्याची छाप घ्यायची म्हटलं की अक्षरं उमटत नाहीत. केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा आणि घरीच कागद ठेवून एकदा छाप घेऊन बघा. आरसीवरचा नंबर एकेका अक्षरासह जुळतो का ते ताडा. ग्राइंडर, तारेचा ब्रश, खरवडणं यातलं काहीही करू नका. अक्षरांवर ओरखडे दिसले की नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो आणि ते प्रकरण निस्तरणं फार जड जातं. गंजाने एखादं अक्षर खरोखरच खाल्लं गेलं असेल तर आरटीओत आधी लेखी अर्ज द्या. नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा तो त्यांच्या परवानगीनेच.